सुईला कोण भीत होतं

आमच्या नातेवाइकांत चाळीस वर्षं एक गोष्ट सांगितली जाते: सुमतीला इंजेक्शनांची फार भीती, म्हणून तिने उपचार अर्धवट सोडले आणि म्हणूनच आम्हाला मूल झालं नाही. ही गोष्ट खोटी आहे, आणि ती मीच पसरवली. सुमती, माझी बायको, तीन वर्षांपूर्वी गेली. मी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. देवीने हे माझ्या तोंडून कसं वदवून घेतलं, ते लिहून ठेवतो.

तेव्हा मी इथे बंगळुरूत सरकारी कारखान्यात इंजिनिअर होतो. सुमतीच्या सगळ्या तपासण्या झाल्या, तिने निमूट सुया टोचून घेतल्या. दोष माझ्यात निघाला. डॉक्टरांनी मला इंजेक्शनांचा कोर्स लिहून दिला. दुसऱ्याच खेपेला नर्सने सुई वर धरून हवा काढली आणि मी बाकावरून उठून जो निघालो तो थेट घरी. पुन्हा गेलो नाही. त्याच महिन्यात आई गावाहून आली, तिने विचारलं, आणि मी म्हणालो, "सुमतीला सुया सोसत नाहीत." सुमती आत पोळ्या लाटत होती. लाटणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. त्याबद्दल ती जन्मभर एक शब्द बोलली नाही. मी मात्र दर मंगळवारी बनशंकरी देवीच्या देवळात जात राहिलो. देवीपुढे सगळं बोललो, एवढंच सोडून.

यंदा सुमतीच्या धाकट्या बहिणीची मुलगी मुक्ता माझ्याकडे राहायला आली. ती आणि तिचा नवरा आयटीत, घर इंदिरानगरला. मूल होत नाही म्हणून तिचे उपचार चालू होते. रोज संध्याकाळी सात वाजता पोटावर इंजेक्शन. नवरा द्यायचा, ही उशीत तोंड खुपसायची. त्याला कामासाठी चार दिवस हैदराबादला जावं लागलं, तेवढ्यापुरती ती माझ्याकडे. घरी येणारी नर्स ठरवली होती, पण मंगळवारी दुपारी तिने येत नसल्याचं कळवलं. मुक्ताने औषधाचा डबा फ्रिजमध्ये ढकलला.

"बास झालं, काका. आजचा डोस चुकला की या महिन्याची उपचारांची सायकल वाया गेली. जाऊ दे. आई म्हणते ते खरंय, मी मावशीवरच गेलेय. घाबरट."

मी चपला घातल्या आणि देवळात गेलो.

तिथे राहुकाळात बायका अर्धं लिंबू पिळून, साल उलटी करून, तिच्या वाटीत तुपाचा दिवा लावतात. इतकी वर्षं मी नुसता बघायचो. त्या दिवशी लिंबू घेऊन बसलो. हात थरथरत होते, साल फाटली. दुसरीही फाटली. शेजारच्या वयस्कर बाई कानडीत म्हणाल्या, "स्वल्प हळू, अण्णा. लिंबाने काय बिघडवलंय तुमचं?" आणि त्यांनीच साल उलटून दिली. का कोण जाणे, मी त्यांना मुक्ताचं सगळं सांगितलं. त्या हसल्या. तीस वर्षं त्या प्रसूतिगृहात नर्स होत्या. "आम्ही लिंबावरच शिकलो सुई धरायला. नवी सिरिंज घ्या, पाणी भरा, पोरीला लिंबाला टोचू दे. स्वतःच्या हाताने टोचलं की निम्मी भीती जाते." मग माझ्या हातांकडे बघून म्हणाल्या, "पण अण्णा, भीती नक्की कुणाला आहे? पोरीला, की तुम्हाला?"

चाळीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी समोर गाभाऱ्याकडे पाहिलं आणि म्हणालो, "मला."

"सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मग घरी जाऊन तेच सांगा."

सिरिंज आणि सहा लिंबं घेऊन घरी आलो. उभ्याउभ्याच मुक्ताला म्हणालो, "तुझी मावशी घाबरट नव्हती. पळालो मी, आणि नाव तिचं घेतलं."

तिने विचारलं, "मावशीला माहीत होतं, तुम्ही असं सांगितलंय ते?"

"ती आतून ऐकत असतानाच सांगितलं."

"शी, काका!" तिचे डोळे भरून आले. मी मान खाली घातली. मग तिने माझ्या हातातली पिशवी ओढून घेतली. "आणि ही लिंबं कशाला? तोंड गोड करायला?"

पाचव्या लिंबाला तिचा हात स्थिर झाला. सहाव्याला मी टोचलं, घाम फुटला तरी. सात वाजता ती खुर्चीत बसली, पोटाची चिमूट धरली आणि म्हणाली, "डोळे मिटायचे नाहीत हं, काका." मी मिटले नाहीत. देवीचं नाव घेत सुई आत जाताना आणि बाहेर येताना पाहिली.

त्या बाई काही अंतर्धान पावल्या नाहीत. शुक्रवारी तिथेच बसल्या होत्या, मी पाया पडू लागलो तर रागावल्या. देवी अशीही येते, एवढंच मला कळलं.

मुक्ताचा निकाल अजून यायचा आहे. तो देवीवर सोपवला आहे. पण जे माझ्या हातात होतं, ते देवीवर ढकलून मी इतकी वर्षं त्यालाच शरणागती म्हणत आलो. बुधवारी सकाळी मुक्ताच्या आईला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "भाऊजी, मी ताईला तोंडावर घाबरट म्हणायचे हो. आणि ती नुसती हसायची."