तिसऱ्या गिअरची गॅरंटी

ज्यांच्या गाड्या नीट चालतात, त्यांच्याकडे सांगायला काहीच नसतं. आमच्या हायस्कूलमधल्या ड्रॉइंगच्या सरांकडे स्कूटर आहे. बिचारी रोज सुरू होते, रोज घरी येते. त्यामुळे आम्ही बायका चहाला जमलो की त्यांच्या मिसेस गप्प बसून चिवडा खातात आणि सगळ्या माझ्याकडे वळतात. "वहिनी, गाडीचं काय झालं पुढं?" आता प्रत्येक वेळी काहीतरी झालेलंच असायचं, त्याला मी काय करू! साठत गेलं. सांगताना मी थोडं वाढवून सांगते असा आमच्या ह्यांचा आरोप आहे. पण शोरूमच्या शेठच्या बाबतीत मला वाढवायची गरजच पडली नाही.

* * *

मुळात गाडी घेतली ती मितूसाठी. मितू म्हणजे आमची मुलगी, तेव्हा नुकती चालायला लागलेली. ताप चढला की तिला झटके यायचे. आमच्या वडीगोद्रीत संध्याकाळनंतर डॉक्टर नाही, आणि अंबडची शेवटची एस.टी. दिवस मावळायच्या आत गेलेली. पोरीचे डोळे फिरलेत आणि मी रिकाम्या स्टँडवर उभी आहे, हे एकदा झालं आणि मी हट्टच धरला. काहीही करा, दाराशी गाडी पाहिजे.

जालन्याहून नवी कोरी मोटरसायकल आली. पहिल्याच आठवड्यात अंबडच्या रस्त्याला तिसऱ्या गिअरमध्ये 'खटॅक' असा आवाज झाला. इंजिन बोंबलायला लागलं आणि गाडी मात्र आळसावली. गिअर आपोआप सुटून गाडी न्यूट्रलला आली होती.

ह्यांनी मान वळवून मला सांगितलं, "मी काही केलं नाही!"

हे मराठी शिकवतात. वर्गात खडू कोणी फेकला विचारल्यावर पोरं ज्या आवाजात उत्तर देतात ना, अगदी तोच आवाज!

* * *

गॅरंटी सहा महिन्यांची होती. आम्ही जालन्याला शोरूममध्ये गेलो. शेठ पंख्याखाली बसलेले. पांढरंशुभ्र धोतर, टोपी, पुढ्यात पानाचा डबा.

"गॅरंटी? बिलकुल आहे! जल्दी बोला, काय होऊन राह्यलं?"

ह्यांनी सांगितलं. शेठनी फोरमन रशीदभाईंना हाक मारली. रशीदभाई एकटे गाडीवर बसले, चौकापर्यंत जाऊन आले आणि म्हणाले, "गाडी ओके."

चौकापर्यंतच्या त्या गर्दीत तिसरा गिअर टाकायला जागा तरी कुठे होती! मी तसं म्हटलं. शेठ माझ्याकडे न बघता ह्यांना म्हणाले, "गुरुजी, गॅरंटी गाडीची आहे. चालवणाऱ्याची न्हाई."

हे इतके ओशाळले, की घरी येईपर्यंत ते तिसऱ्या गिअरवर थांबलेच नाहीत. दुसऱ्यावरून थेट चौथा! गाडी वाटभर उचक्या देत होती आणि मागे मीसुद्धा.

* * *

दुसऱ्या खेपेला शेठनी गाडीभोवती एक चक्कर मारली. हँडल बघितलं, दिवा बघितला. मग चेहरा गंभीर करून विचारलं, "हार कुठं आहे? कुंकू कुठं आहे? डिलिव्हरीला नारळ फोडला न्हाई का तुम्ही?"

"नाही," हे म्हणाले.

"मंग बराबर!" रोग सापडल्यासारखे शेठ म्हणाले. "तुमच्यात नारळ फोडत न्हाईत का?"

त्या 'तुमच्यात'वर शोरूममधल्या गिऱ्हाइकांच्या माना वळल्या. आडनाव बिलावर होतंच. आता 'तुमच्यात' म्हणजे कोणात, ते सगळ्यांना कळलं. माझ्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा मी शाळेत होते. तेव्हापासून हा शब्द किती दुकानांत ऐकला असेल! पण गिअरबॉक्ससाठी पहिल्यांदाच.

हे शांतपणे म्हणाले, "फोडतात की, शेठ. खाण्यासाठी!"

रशीदभाई हसले आणि शेठनी बघितल्यावर खोकले.

मला ह्यांचा केवढा अभिमान वाटला! पण खरं सांगायचं तर परतीच्या वाटेवर मनात आलंच, एक नारळ फोडला असता तर काय बिघडलं असतं? लगेच स्वतःची लाज वाटली. मी बी. ए. झालेली बाई! पुढच्या चढावर 'खटॅक' झालं आणि तो नारळ परत मनात आला.

* * *

तिसऱ्या खेपेला माझ्याबरोबर मितूही होती. आम्हाला बघून रशीदभाईंना एकदम काहीतरी सुचलं. "शेठ, बाई एका अंगाला बसत्यात. सगळा लोड डाव्या बाजूला. गिअर पण डाव्या बाजूलाच. मंग सुटणारच!"

"बराबर!" शेठ म्हणाले. रोग त्यांना दर खेपेला सापडायचा, औषध मात्र एकदाही नाही.

मी विचारलं, "मग मी कसं बसायचं? नऊवारी काय, पाचवारी काय, जालना जिल्ह्यात कुठली बाई दोन्हीकडे पाय टाकून बसते?"

शेठ प्रेमानं म्हणाले, "तुम्ही कशाला तकलीफ घेता, वहिनी? तुम्ही एस.टी.नं येत जा ना!"

हे ऐकून मी संतापायला हवं होतं. मी काय केलं? मी विश्वास ठेवला! आठवडाभर दुसऱ्यांदा भात वाढून घेतला नाही. गाडीवर बसले की तिसरा गिअर पडायच्या वेळी श्वास रोखून धरायची. ह्यांना आरशात माझा लाल चेहरा दिसला.

"काय होतंय?"

"काही नाही. गिअर टाका तुम्ही!"

* * *

मग ह्यांनीच एक उपाय काढला. तिसरा गिअर टाकला की डाव्या पायाच्या चवड्यानं दांडा दाबून धरायचा, सोडायचाच नाही. गिअर सुटायचा बंद झाला, पण ह्यांचा पाय सुटेना! जेवायला बसले तरी डावा चवडा ताठ. वर्गात खुर्चीवर बसून कविता शिकवताना टेबलाखाली पाय आपला दाबतोय.

शिक्षण खात्याचे साहेब तपासणीला आले होते. ते मागच्या बाकावर बसून बराच वेळ टेबलाखाली बघत राहिले. बाहेर आल्यावर हेडमास्तरांना म्हणाले, "शिकवतात उत्तम. पण झटका कधी येऊन गेला?"

हेडमास्तरांना वाटलं मितूबद्दल विचारतायत. ते म्हणाले, "ताप आला की येतो!"

साहेबांनी ह्यांना बोलावून घेतलं आणि उन्हात फिरू नका म्हणून सांगितलं.

* * *

या किश्श्याला चहाच्या वेळी कोणी हसत नाही, तरी सांगते. पावसाळा तोंडावर आला होता. मितूला संध्याकाळी ताप भरला, मान मागे जायला लागली. आम्ही निघालो. पदरानं तिला पोटाशी बांधलेली, ह्यांचा चवडा दांड्यावर. अर्ध्या वाटेत चढावर गिअर सुटला, आणि या वेळी सुटला तो परत पडेचना. पहिला नाही, दुसरा नाही, काहीच नाही. हे वेड्यासारखे दांडा दाबत राहिले आणि मी ओरडत राहिले, "मी उतरते, मी उतरते!" जणू मी उतरले की गाडी सुटेल आणि मितूला घेऊन एकटीच जाईल.

सरकीच्या पोत्यांचा ट्रक आला म्हणून आम्ही अंबडला पोचलो. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, ओल्या फडक्यानं अंग पुसून काढलं. पोरीनं डोळे उघडले आणि माझ्या गळ्यातले मणी तोंडात घातले.

दोन दिवसांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून गाडी जालन्याला नेली. ह्यांनी शेठना सगळं सांगितलं.

शेठनी सगळं ऐकून घेतलं. मान हलवली. म्हणाले, "बघा! गाडी होती म्हणून अर्ध्यापर्यंत तरी पोचलात!"

रशीदभाईंनी गिअरची पेटी उघडली, काहीतरी ठोकलं, परत बंद केली. गाडी ओके!

* * *

गॅरंटी संपायला आली त्याच आठवड्यात शोरूममध्ये कंपनीचा फ्री चेकिंगचा कॅम्प लागला. पुण्याहून इंजिनिअर आलेला. टाय लावलेला तरुण मुलगा, घामानं पार भिजलेला. आम्ही तिघं सकाळपासून रांगेत. मी मनाशी ठरवलं होतं, आज पेटी बदलून घेतल्याशिवाय मितूला घेऊन त्या गाडीवर बसायचं नाही. मग वडीगोद्रीला चालत जावं लागलं तरी चालेल.

इंजिनिअरनं ऐकून घेतलं. शेठ लगेच मध्ये पडले. "साहेब, गाडी ओके आहे. बाई एका अंगाला बसत्यात, म्हणून होऊन राह्यलं."

"असं कंपनीला माहीत नाही," इंजिनिअर म्हणाला. "लोड टाकून ट्रायल घ्यावी लागेल. मागे कोणीतरी तसंच बसा."

मी मितूला ह्यांच्याकडे देऊन पुढे झाले. इंजिनिअर माझ्याकडे बघून टायशी खेळायला लागला. भर बाजारातून परक्या बाईला मागे बसवून न्यायचं म्हणजे त्याचीही पंचाईतच!

"मी चालवतो, ही बसेल," हे म्हणाले.

"वा रे वा!" शेठ म्हणाले. "तुम्ही मुद्दाम गिअर सोडाल!"

"मग रशीदभाई बसतील."

"मी पँटवाला," रशीदभाई म्हणाले. "मला तसं बसता येत न्हाई. पडतो."

इंजिनिअरनं शोरूमभर नजर फिरवली. सगळे पँट नाहीतर पायजमावाले. त्याची नजर फिरत फिरत पंख्याखाली येऊन थांबली. मग आम्हा सगळ्यांचीच थांबली. शेठनी खाली स्वतःच्या धोतराकडे बघितलं.

"हे बराबर न्हाई," शेठ म्हणाले.

पण कॅम्पला जमलेली गिऱ्हाइकं केव्हाची उभी राहिली होती. कोणीतरी सीट पुसलीसुद्धा. शेठ एका अंगाला बसले. धोतराचा सोगा मांडीखाली दाबला, एका हातानं टोपी धरली आणि दुसऱ्या हातानं इंजिनिअरचा खांदा. रशीदभाई मागून हळूच म्हणाले, "शेठ, तिसऱ्याला श्वास रोखा." माझी ही युक्ती त्यांना कोणी सांगितली होती, ते मी अजून शोधते आहे.

गाडी मोंढ्यातल्या धान्यबाजाराच्या बाजूला गेली आणि दिसेनाशी झाली. आम्ही वाट बघत बसलो. चहा आला, संपला. मितू ह्यांच्या खांद्यावर झोपून गेली.

शेवटी एक टांगा आला. टांग्यात शेठ. टोपी हातात, धोतरावर कमरेपासून खालपर्यंत धुळीचा पट्टा, एका कोपराला रुमाल बांधलेला. टांग्यामागून टाय खिशात कोंबलेला इंजिनिअर गाडी ढकलत येत होता.

शेठ खाली उतरले. कोणाकडेही न बघता पंख्याखाली जाऊन बसले. घटाघटा पाणी प्यायले.

"रशीद, गुरुजींना नवीन पेटी टाक."

"खर्च्यानं का गॅरंटीत, शेठ?"

"गॅरंटीत! आज, आत्ता!"

रशीदभाई पाने-पकड आणायला आत पळाले. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. हे मात्र मितूला सांभाळत उठले, शेठजवळ गेले आणि वर्गातल्या त्या शांत आवाजात विचारलं, "शेठ, तुम्ही उतरलात की पडलात?"

शेठनी ग्लास खाली ठेवला.

"गुरुजी," ते म्हणाले, "पेटी बदलून पाहिजे ना? मंग हा प्रश्न इचारू नका!"