अल्लाबक्षचे दोन वारे

मला लिहायची सवय नाही. पण अल्लाबक्ष मुलाणीबद्दल एक खोटं मी लिहून ठेवलेलं आहे, म्हणून हे लिहितो.

मुळशी धरणाकाठच्या टेकडीवर आमच्या खात्याचं, वाऱ्याची दिशा दाखवणारं यंत्र होतं. अल्लाबक्ष रोज सकाळी आणि दुपारी वर चढून वारा कुठून येतो ते अंशांत वहीत लिही. पूर्व नव्वद, दक्षिण एकशे ऐंशी, पश्चिम दोनशे सत्तर. खळ्यावर भात उफणायचं तर तोंड कुठं करायचं, हे गावही त्यालाच विचारी.

मी पुण्यातला, संख्याशास्त्राचा पदवीधर. १९७६ साली कचेरीत आलेल्या तक्त्यात नुसत्या आठवड्यांच्या बेरजा होत्या; त्यांवरून मी त्याच्या तीन महिन्यांच्या नोंदींची बेरीज केली आणि भागलं. उत्तर आलं एकशे ऐंशी. खात्री करायला गावात गेलो, तर दक्षिणेला उभा डोंगर. खळ्यावरच्या गेणबाला विचारलं, "इथं दक्षिणेचा वारा येतो?"

"दक्षिनंचा? मग आल्लाबक्षानं डोंगराला भोक पाडलं असंल!"

सगळे हसले. अल्लाबक्षही हसला. म्हणाला, "सायेब, दक्षिन म्या एकदाबी लिवली न्हाई. हितं वारं दोन हायेत. सकाळी उगवतीचा, दुपारी मावळतीचा. वही बगा की."

मी वही उघडली नाही. अडाण्याकडून काय शिकायचं, असं वाटलं. 'नोंदी घरी बसून केलेल्या दिसतात', असा शेरा मारला, गेणबाचा हवाला देऊन. अल्लाबक्षचं काम गेलं.

१९८४ साली एका प्रशिक्षणात शिकवलं, की दिशांमध्ये दोन गट मिसळलेले असले तर एकच सरासरी काढू नये. आधी गट वेगळे करावेत, मग प्रत्येकाचा रोख, पसारा आणि वाटा पाहावा. सरावाला मी कचेरीत जमा झालेल्या त्याच्या वहीतल्याच नोंदी घेतल्या. पूर्वेला एक दाट पुंजका, पश्चिमेला एक जरा पसरट. दक्षिणेला एकही ठिपका नव्हता; नव्वद आणि दोनशे सत्तरच्या मधली ती दक्षिण माझ्या भागाकारातून आली होती.

आलेख घेऊन त्याच्या घरी गेलो. त्याची बायको बद्रुन्निसा चहा ठेवत म्हणाली, "गावात अजून ह्यांना भोकवाला म्हणत्यात."

अल्लाबक्षनं कागद निरखला. "हापिसात दावला का?"

"नाही. म्हटलं, आधी तुम्हाला..."

"मला कशाला सायेब? मला ठावंच हाय. त्यास्नी ठाव न्हाई."

दाखवतो, असं मी म्हणालो. बढतीची यादी लागायची होती, म्हणून थांबलो. यादी लागली, नाव आलं, तरी दाखवला नाही. १९८८ साली अल्लाबक्ष गेला. तो शेरा फाइलीत तसाच आहे, खाली माझी सही आहे.