‘बरी हाय’ म्हणाली आणि औषध थांबलं

माझ्या बायकोला सांधेवाताचा जुना आजार आहे. दर आठ आठवड्यांनी पालघरच्या दवाखान्यात तिला सलाईनमधून औषध द्यावं लागतं. त्याने आजार जात नाही, वाढायचा थांबतो. मी तारापूरच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो; मोजल्याशिवाय मला राहवत नाही. सकाळी उठल्यापासून तिची मूठ चहाच्या कपाभोवती मिटेपर्यंत किती मिनिटं लागतात, ते मी रोज वहीत लिहितो. औषधाआधी पंच्याण्णव लागायची. औषध सुरू झाल्यावर वीस.

एका डोसाची किंमत माझ्या महिन्याच्या पगाराहून जास्त, म्हणून सगळं विम्यावर. त्याची मंजुरी दर वर्षी नव्याने घ्यावी लागते. यंदा उत्तर आलं ते कारखान्याच्या गेटवर उभं राहून मी तीनदा वाचलं. ‘प्रकृती बरी असल्याचे रुग्णाने स्वतः फोनवर सांगितले आहे. पुढील उपचारांची आवश्यकता दिसत नाही.’

बोईसरला घरी येऊन पहिलं तेच विचारलं, “विमावाल्यांचा फोन आलेला तुला?”

“आलेला की. पोरगी व्हती, हिंदीत बोलत व्हती. तबेत कशी हाय, इचारलं.”

“मग?”

“बरी हाय म्हटलं.”

“बरी?”

“अवो, मग काय परक्या पोरीपुढे रडत बसू? का तुमच्या वहीतली मिनटं वाचून दाखवू?”

तिचं माहेर दांडीचं, कोळ्यांचं. तिकडे कुणी विचारलं की हात सुजलेला असला तरी आधी ‘बरी हाय’च म्हणायचं. खरी विचारपूस त्याच्यानंतर सुरू होते. फोनवरच्या मुलीने नंतरचं काही विचारलंच नव्हतं.

मी फेरविचाराचा अर्ज केला. डोसाची तारीख उलटली. आठव्या दिवशी वहीत चाळीस मिनिटं, पंधराव्या दिवशी सत्तर. डॉक्टर म्हणाले, “ही पानंच पाठवा.” पाठवली. चार दिवसांत मंजुरी आली.

मी विमा कंपनीत फोन करून विचारलं, आधी नाही आणि आता हो, हे कसं?

“काका, आता आकडे बिघडलेत ना,” अधिकारी म्हणाला. “आधी वीसवर स्थिर होते.”

“ते औषधामुळेच स्थिर होते.”

“हो, पण स्थिरच होते ना?”

तो माणूस उद्धटपणे बोलत नव्हता. समजावून सांगत होता.

औषध दिलं गेलं. पंधरवड्यात मूठ पंचविसावर आली. उजव्या हाताची करंगळी मात्र वाकली ती वाकलीच. डॉक्टरांनी ती दाबून पाहिली आणि मान हलवली.

“ऱ्हाऊ द्या,” बायको मला म्हणाली. “कोलंबी सोलायला करंगळी कशाला लागते?”

मला हसता आलं नाही. एकोणीस दिवस उशीर, एक बोट. वहीत चुकलेल्या डोसाच्या तारखेखाली तेवढंच लिहिलं.