ड्रायव्हरबाईंच्या पोटाचं माप

आमचे भाऊजी पट्ट्याची चांदीची बक्कलं करतात आणि त्यासाठी गिऱ्हाइकाच्या पोटाला हात लावतात. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर गैरसमज होतात. बाजारातलं बक्कल सपाट असतं, माणसाचं पोट तसं नसतं. बसलं की कड रुतते. म्हणून भाऊजी प्रत्येकासाठी घरीच वेगळा ठसा बनवतात. शिशाची मऊ पट्टी पोटावर दाबली की तिला पोटाचा बाक येतो. मग त्या बाकाबरहुकूम लोखंडाचे दोन ठोकळे कानशीने घासायचे, खालचा खोलगट आणि वरचा फुगीर. मध्ये चांदीचा पत्रा ठेवून वरून दाब द्यायचा. दाब द्यायला भंगारातून आणलेला ट्रकचा जॅक आहे, आणि ठोकळेही ट्रकच्याच स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यांचे. आमच्या मागच्या खोलीत निम्मा ट्रक राहतो, असं मी माहेरी सांगते.

भाऊजींची पंचेचाळिशी उलटली तरी लग्न नाही. बाईमाणूस समोर आलं की त्यांची बोलती बंद. माझ्याशी पहिलं पूर्ण वाक्य बोलायला त्यांनी माझी मुलगी रांगायला लागेपर्यंत वेळ घेतला, आणि तेही काय, तर "वहिनी, दूध उतू जातंय."

अशा माणसाकडे एक दिवस ड्रायव्हरबाई आल्या. शहराची बस चालवतात. आवाज असा की शेवटच्या बाकावरचा झोपलेला माणूसही उठून तिकीट दाखवेल.

"कारागीर, इतकी वर्षं बस चालवली, गाडीला एक ओरखडा नाही. बक्षीस द्यायचं कुणाला सुचलं नाही, म्हणून मीच मला देतेय. स्टिअरिंगवर बसल्यावर टोचणार नाही असं बक्कल करून द्या."

त्या 'दादा' म्हणाल्या नाहीत, 'कारागीर' म्हणाल्या. भाऊजी तेवढ्यावर आठवडाभर हवेत होते. पण माप घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी शिशाची पट्टी उचलली आणि सरळ माझ्या हातात कोंबली.

"वहिनी, तुम्ही घ्या."

आणि स्वतः दाराशी उभे राहून छताकडे बघायला लागले. म्हणजे एका डोळ्याने. दुसरा कुठे होता ते मला दिसत होतं.

मी पट्टी दाबली. पोट पाटीसारखं सपाट! दिवसभर बसून काम करणारी बाई आणि हे पोट? माझा इतका जळफळाट झाला की त्या संध्याकाळी मी चहाबरोबर बिस्कीट घेतलं नाही.

मग भाऊजी कामाला लागले. एरवी झपाझप चालणारी कानस आता गोगलगायीला लाजवत होती. एकदा बक्कल हातात पडलं की बाई परत कशाला येतील, ही त्यांची धास्ती. बाई मात्र ड्युटी सुटली की येत, स्टुलाच्या कडेवर टेकून बसत, "कुठवर आलं?" विचारत. भाऊजी ठशाकडे बघत उत्तर देत. ठशाकडे बघितलं की त्यांना बोलता येतं, असा शोध आम्हाला तेव्हा लागला. लोखंड, कानस, चांदी, सगळ्यावर बोलले. मुद्द्याचं सोडून.

"भाऊजी, ओठावर आलंय ते बोलून टाका एकदा," मी म्हटलं.

"ओठावर कानशीचा भुगा आलाय," ते म्हणाले आणि तोंड पुसून मोकळे झाले. अस्सा राग आला मला!

शेवटी घासायला काही उरलंच नाही. बाईंच्या समोरच भाऊजींनी चांदी लालसर तापवली, पाण्यात विझवून मऊ केली, ठशात ठेवली आणि जॅकचा दांडा मारला. मागे कडी आणि आकडा वितळत्या चांदीचा डाग देऊन बसवला, घासूनपुसून लखलखीत केलं. बाईंनी बक्कल लावलं. काय झोकात दिसत होत्या!

"आता बसून बघा," भाऊजी म्हणाले.

बाई नीट टेकून बसल्या आणि केवढ्यांदा ओरडल्या, "आई गं!"

कड चांगलीच रुतली होती. भाऊजींचा चेहरा पडला. त्यांचा ठसा आजवर कधी चुकला नव्हता, आणि चुकला तो नेमका इथे. त्यांनी हळूच माझ्याकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" मी भडकले. "पट्टी चांगली दाबून माप घेतलंय मी!"

"वहिनींची चूक नाही," बाई म्हणाल्या. एवढा बारीक आवाज त्यांच्याकडे आहे हे मला ठाऊकच नव्हतं. "मी पोट आत ओढून धरलं होतं."

"अहो, पण कशाला?"

"हे बघत होते ना."

भाऊजी कानापर्यंत लाल. मला तर नाचावंसं वाटत होतं, पण तिथे नाचायला जागा नाही, सगळा ट्रक.

भाऊजींनी शिशाची पट्टी ठोकून सरळ केली आणि या खेपेला स्वतः पुढे झाले.

"श्वास सोडा."

बाईंनी सोडला. पोट ऐसपैस बाहेर आलं. मला हसू फुटलं, मग बाईंना फुटलं, पोट हलायला लागलं, पट्टी वेडीवाकडी झाली, पुन्हा पहिल्यापासून. तीनदा झालं असं. भाऊजी एकटे हसले नाहीत. बाक नीट उमटल्यावर ती पट्टी उजेडात धरून ते तिच्याशीच बोलल्यासारखे म्हणाले,

"ठसा याहून जरा मोठा कापतो."

"का हो?"

"लग्नानंतर पोट सुटतं. तेवढी जागा ठेवू का?"

"कुणाच्या लग्नानंतर?" बाईंनी विचारलं.

भाऊजींनी पट्टी खाली ठेवली. मग पहिल्यांदा सरळ त्यांच्याकडे बघून म्हणाले, "आपल्या."

बाईंनी एकवार स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, एकवार भाऊजींकडे.

"ठेवा," त्या म्हणाल्या. आवाज पुन्हा बसमधला झाला होता, गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार. "भरपूर ठेवा!"