शून्य किलोमीटरचा कोंबडा

निवृत्तीनंतर माणसाची नोकरी सुटते, सवयी काही सुटत नाहीत. ड्रायव्हरकाकांनी जन्मभर बस चालवली. आता ते ताटातलं अन्न किलोमीटरमध्ये मोजत. बटाटा दिसला की पहिला प्रश्न, "हा कुठून आला?" लांबचा निघाला की त्याच्याकडे असं बघत, जणू पठ्ठ्या विनातिकीट आलाय.

सूनबाईने पर्यावरणापायी मांस-अंडी सोडली होती. तिच्या डाळीचं पुडकं उलटंपालटं करत काका म्हणाले, "ही बाईसाहेब बोटीतून आलीय. माझा कोंबडा बघ. गच्चीवरून थेट पातेल्यात. थेंबभर डिझेल नाही."

"बाबा, प्रवासाचं काय घेऊन बसलात? बहुतेक वेळा त्याहून जास्त भार जनावर पोसण्याचा पडतो. तुमच्या कोंबड्याचे दाणेही बोटीतूनच येतात. आणि खातोय किती दिवस."

काकांनी आवाज वाढवला. "येत्या रविवारी सगळ्यांना हाच कोंबडा जेवायला घालतो. नाही घातला, तर महिनाभर तुझी डाळ खाईन."

"म्हणजे डाळ जास्त आणायला हवी," भाजी निवडता निवडता काकू म्हणाल्या.

काकूंना यातली मेख ठाऊक होती. कोंबड्याचं नाव काकांनीच 'कंडक्टर' ठेवलं होतं. पहाटे तो लागोपाठ दोनदा आरवला की काका अंथरूण सोडत. डबल बेल झाल्याखेरीज त्यांचा दिवस स्टँडमधून हलतच नसे.

रविवारी काका सुरी घेऊन गच्चीवर गेले. खाली सगळे कान देऊन बसले. कंडक्टरने सुरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दाणे असतात त्या खिशाकडे बघत तो जवळ आला, मान ताणली आणि आरवला. एकदाच.

एक घंटा म्हणजे गाडी थांबवायची. काकांचा उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायला गेला. दुसऱ्या घंटेची त्यांनी बराच वेळ वाट पाहिली. ती काही झाली नाही.

ते रिकाम्या हातांनी खाली आले.

"कोंबडा?" सूनबाईने विचारलं.

"ड्यूटीवर आहे." काका ताटावर बसले. "वाढ तुझी डाळ. पण उद्यापासून जवळची आणायची. मी स्वतः आणीन."

"चालेल, बाबा. आणि कंडक्टरचे दाणे?"

"तोही घरातलं उरलंसुरलं खाईल. स्टाफला वेगळं काही मिळत नसतं."

काकूंनी पातेल्यावरचं झाकण काढलं. डाळ त्यांनी कालच भिजत घातली होती.