धबधब्याचा एकच फोटू

थांबा, हातातलं काम राहू द्या. हे आत्ताच सांगितल्याबिगर मला घास गिळवनार न्हाई!

माझं सासर हिंगोलीत, माहेर शिरड शहापूरच्या अंगाला डोंगरात. धाकट्या नणंदेचं एकच टुमणं, "वैनी, तुमच्या गावात धोंड्याबिगर हाय तरी काय?" एकदा मी फुगून बोलून गेले, "धबधबा हाय! ताडाएवढा!"

"दाखवा मंग."

आली का पंचाईत! भावजींकडं हैदराबादेहून आनलेला डब्याचा कॅमेरा होता. पंचमीला माहेरी निघाले तर त्यांनी तो हातात दिला. "एकच फोटू उरलाय, वैनी. बराबर काढा." म्हंजे माझ्या माहेराची समदी अब्रू आता त्या एका फोटूवर.

माहेरी गेल्यावर अप्पांना, म्हंजे माझ्या वडलांना, घेऊन जंगलाची वाट धरली. गुडघाभर गवत, चिखल, अन् अप्पांची बडबड. "पानी बघायला कोसभर तंगडतोड? घरी रांजनात हाय की!" पन धबधबा दिसला अन् आधी तेच गप झाले. वर बघत बघत पुढं गेले, ते धपकन डोहात!

बाहेर आले, धोतर पिळलं, बाजूच्या कड्यावरून सोडलं, उडू न्हाई म्हनून वर दोन धोंडे ठेवले, अन् कमरेला फेटा गुंडाळून झाडामागं दडले. "मला फोटूत घेशील तर याद राख!"

मी डब्यावरच्या इवल्याशा काचेत बघून राहिले. त्या काचेत समदं उलटं! डबा इकडं वळवला की पानी तिकडं पळतंय. त्यात अप्पा, "आटप गं, वारं लागून राहिलं!" दाबला खटका.

महिन्यानं फोटू धुऊन आला. बघते तर काय, धबधब्याचा पत्ताच न्हाई! मधोमध अप्पांचं धोतर, पांढरंशुभ्र, कड्यावरून लोंबतंय. मी फोटू पदराआड सारनार, तेवढ्यात नणंदेनं हिसकून घेतला.

अन् ओरडली, "अगं बया! किती उंचावरून पडून राहिलं!"

सासूबाईंनी फोटू नाकाला लावला. "पन काय गं, पान्यावर धोंडे काहून ठेवले? उडून जाईल म्हनून?"

"डोंगर हाय आत्याबाई, धोंडे असनारच," मी म्हनलं.

नणंदेनं हार मानली. भावजींनी तसबीर करून देवांच्या शेजारी टांगली. आता येईल तो पाव्हना हात जोडून राहिला.

अन् काल अप्पा आले! नणंदेनं हौसेनं त्यांना तसबिरीपुढं उभं केलं. अप्पांनी डोळे बारीक केले. "ह्ये तर... ह्याला औंदा दोन जागी ठिगळ..."

मी गरम चहाची कपबशी हातात कोंबली अन् पायावर पाय दिला. अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मंग चहा खाली ठेवला, दोन्ही हात जोडले अन् म्हनले, "लई जुना धबधबा हाय."

मी बी जोडले. काय करता?

खरं सांगा, माहेराची अब्रू राखायला बापाच्या धोतराला नमस्कार करायची पाळी तुमच्यावर कधी आलती का?