उजवा कौल

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... देव, कौल, राखणदार, काहीच नाही. आणि विश्वास नव्हता म्हणूनच देवाच्या नावावर खोटं बोलणं मला जमलं.

मालवणात माझी खानावळ आहे. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, होडी घेऊन मासेमारीला जायचा. दारूला कधी न शिवलेल्या या माणसाचं लिव्हर निकामी झालं. जवळच्या कोणीतरी आपल्या लिव्हरचा भाग द्यायचा, एवढाच उपाय उरला. माझ्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली. सगळं जुळलं. डॉक्टरांनी समजावलं, "उजवा भाग काढू, पित्ताशयही जाईल. काढलेला भाग पुन्हा उगवत नाही. उरलेला डावा भागच वाढतो आणि काम सांभाळतो." मी मान डोलावली. मनातून मात्र मला ते द्यायचं नव्हतं.

घरचे म्हणाले, आधी कौल घे. गावच्या देवळात सगळ्यांसमोर नको, म्हणून मी एकटाच वालावलच्या बाजूला, आजोळच्या देवळात गेलो. गुरवाने पाषाणाला दोन्हीकडे कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

उजवी पडली. गाऱ्हाणं पुरतं संपलंही नव्हतं.

"जा रे झिला, देव पाठीशी आसा," गुरव म्हणाला.

घरी येऊन मी सांगितलं — डावा कौल झाला.

कोणी उलट विचारलं नाही. आमच्याकडे कौलावर वाद घालत नाहीत. वहिनी तेवढी उठली आणि म्हणाली, "मगे माजा तपासून बघूया." तिचंही जुळलं.

ऑपरेशन पार पडलं. दोघं घरी आली तेव्हा दादा खाटेवरून म्हणतो, "आधी ही भायरसून बोलायची, आता आतसून पण बोलतली!" वहिनी पोट धरून हसली. टाके ओढत होते तिचे. मी मान खाली घालून बसलो होतो. तिला वाटलं, मला वाईट वाटतंय.

"भावजीनू, देवान तुमका थांबयल्यान, तुमचो काय दोष? आणि माजा काय, शेवग्यासारख्या. तोडला तरी परत फुटता."

त्याच सुमारास माझ्या उजव्या बरगडीखाली जड वाटू लागलं. दुखणं नव्हे... पोकळ जड. महिने गेले तसं ते कमी होत गेलं, तरी मनाची खात्री करावी म्हणून कुडाळला सोनोग्राफीला गेलो.

डॉक्टर पडद्याकडे बघत सहज म्हणाले, "तुम्ही डोनर ना? छान वाढलंय. कोणाला दिलंत?"

"मी नाही दिलं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या पोटाकडे पाहिलं. वण नाही, टाका नाही. पुन्हा मशीन फिरवलं. लिव्हरचा उजवा भाग नव्हता. पित्ताशय नव्हतं. डावा भाग वाढून त्या रिकाम्या जागेत आला होता. सीटी स्कॅनमध्येही तेच निघालं. जन्मापासूनच असं असेल, असं ते म्हणाले. मग मी मोबाइलमध्ये ठेवलेली जुनी तपासणी दाखवली. त्यात सगळं जागच्या जागी होतं. त्यांनी दोन्ही तपासण्यांवरचं नाव आणि तारीख पडताळून पाहिली. शेवटी म्हणाले, "त्रास नाही ना? मग राहू दे."

दोन-तीन ठिकाणी विचारून पाहिलं. कोणालाच उलगडा झाला नाही, मलाही नाही. देवाला मी आता मानतो की नाही, सांगता येत नाही. पण त्या देवळासमोरून गाडी नेत नाही, लांबच्या रस्त्याने जातो.

वहिनी आता ठणठणीत आहे. वाकताना वणावर हात ठेवते, एवढंच. परवा खानावळीत आली, माझ्या ताटात स्वतः बांगडा वाढला आणि म्हणाली, "खावा हो, किती बारीक झालात!"

त्या ताटावरच सांगणार होतो. नाही सांगितलं.

माझं जे घ्यायचं ते कोणीतरी घेतलं. पण कौल उजवा झाला होता, हे खरं मी वहिनीला देणं लागतो. ते अजून बाकी आहे.